झाडीपट्टीतली एक रात्र

2025 च्या जानेवारीत आमच्या चिरंजीवांनी नवी मुंबईच्या मैदानावर जाऊन कोल्डप्ले नावाच्या विलायती वाद्यवृंदाचे दर्शन घेतले. 'दर्शन' हा शब्द मी थट्टेने वापरीत नाही. पंढरीचा वारकरी ज्या तयारीने निघतो, त्याच तयारीने स्वारी निघाली होती. तिकिटासाठी चार महिने आधी संगणकापुढे रांग लावून झाली होती. (घरात, गादीवर बसून रांग लावता येते हे मला तेव्हाच कळले!) परत आला तो मध्यरात्र उलटल्यावर. घसा इतका बसलेला की दार उघडताच त्याने जे काही सांगितले ते मला हातवाऱ्यांवरून ताडावे लागले. सौ.ने मिठाच्या पाण्याचा पेला पुढे केला. गुळण्या झाल्यावर त्याने सांगितले की तिथे म्हणे प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टी बांधतात, आणि गाण्याच्या तालावर त्या सगळ्या पट्ट्या एकदम उजळतात आणि एकदम रंग बदलतात.

"बाबा, तुम्हाला नाही कळायचे," तो म्हणाला, "ज्याचा आवाज आठ वर्षे कानात घेऊन फिरलो, तो माणूस समोर उभा! सोबतीला हजारो माणसे, आणि सगळ्यांना प्रत्येक ओळ पाठ!"

मला हसू आले. न कळायला काय झाले? मी बाराव्या वर्षापासून हेच करीत आलो होतो. फरक एवढाच की माझ्या दैवताला गाता येत नव्हते. त्याला फक्त हसता येत होते.

"आता तुमच्या त्या खलनायकाची गोष्ट काढू नका," सौ. आतून म्हणाली. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. तिने ती गोष्ट निदान एकोणतीस वेळा ऐकली असेल.

मूळचा मी झाडीपट्टीतला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया ह्या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्टीला आमच्याकडे नुसते 'झाडी' म्हणतात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांना धानाच्या बांध्या, गावोगावी मालगुजारीच्या काळातले तलाव, मोहाची झाडे, आणि त्या सगळ्याला वेढून बसलेले साग-बांबूचे रान. माझे गाव ब्रह्मपुरीपासून चार कोसांवर. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे गावकऱ्यांबद्दल एकदोन गोष्टी मोकळेपणाने लिहायच्या आहेत! 1988 साली नोकरीसाठी मुंबईकडे आलो आणि डोंबिवलीकर झालो. डोंबिवलीत नाटकाला तोटा नाही. दोन-अडीच तासांत प्रश्न मांडून, सोडवून, प्रेक्षकांना शेवटच्या लोकलला मोकळे करणारी उत्तम नाटके मी पुष्कळ पाहिली. पण पोट भरले असे कधी वाटले नाही. आमच्या झाडीत नाटक रात्री दहा-अकराला उभे राहते आणि कोंबडा आरवल्यावर संपते.

चिरंजीवांच्या गुळण्या चालू असतानाच मी जाहीर केले, की फेब्रुवारीत आपण तिघांनी गावाकडे जायचे. मी तुझा बँड ऐकून घेतला, आता तू माझा पाहा. तो बिचारा घसा बसल्यामुळे नाही म्हणू शकला नाही.

जाहीर केले खरे, पण मनात धाकधूक होती. शेवटचे नाटक मी 1996 साली पाहिले होते. आठवणीत राहिलेला माणूस आणि स्टेजवरचा माणूस ह्यांची गाठ एकोणतीस वर्षांनी घालायची, तीही बायकोच्या आणि मुलाच्या देखत, हा धोक्याचाच व्यवहार. शाळेतले एखादे अंगण आपण मनात मैदानाएवढे करून ठेवलेले असते, आणि परत जाऊन पाहावे तर दहा पावलांत संपते. तसे झाले तर? चुलतभावाने फोनवर सांगितले होते, "येतो तर ये बापा, पण आता थकले हो ते."

कल्याणला विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळी नागपूर गाठले. पूर्वी नागपूरहून नागभीडपर्यंत छोट्या रुळांची गाडी होती. तिच्या डब्यात बसले की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत आणि नागभीड येईपर्यंत सोयरिकीच्या गोष्टी निघत. रूळ रुंद करण्याच्या कामासाठी 2019 साली ती बंद झाली. म्हणून उमरेड, भिवापूर, नागभीड अशी बस. भिवापूर सुटले आणि दोन्ही बाजूंना धानाच्या कापलेल्या बांध्या लागल्या. कुठे उन्हाळी धानाचे कोवळे हिरवे पऱ्हे, कुठे लाखोळी. नागभीडच्या पुढे रान रस्त्याशी येऊन उभे राहते. तिथे वनखात्याची पाटी आहे: वाघांचा वावर आहे, एकट्याने फिरू नये. चिरंजीवांनी पाटीचे छायाचित्र घेतले. सौ.ने खिडकी लावून घेतली.

ही पाटी शोभेची नव्हे. ताडोबाचे अरण्य ह्याच जिल्ह्यात आणि तिथून बाहेर पडलेले वाघ ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडच्या रानांत कायमचे राहायला आले आहेत. सरपणाला, मोहफुले वेचायला गेलेली माणसे परत येत नाहीत असे दरवर्षी घडते. आमच्या लहानपणी शेजारच्या गावी नाटक असले की दिवेलागणीला जेवून आम्ही पोरे मोठ्यांमागून चालत निघत असू. पुढे एकाच्या हातात कंदील, मागे एकाच्या हातात काठी, मधे आम्ही. बायका-म्हातारी माणसे बंडीत, तणसावर पासोडी टाकून. आता पायी कोणी जात नाही. दहा-वीस मोटरसायकली एकत्र निघतात, दिवे लावून, भोंगे वाजवीत. वाघ आहे म्हणून नाटक चुकवले असे मात्र अजून कोणी केलेले नाही.

गावी पोचलो तेव्हा भावाच्या घरी माणसांची जत्रा होती. हे समजून घेतल्याशिवाय आमचे नाटक समजायचे नाही. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरू लागते, पुढे बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असतो, आणि ज्या दिवशी पट किंवा मंडई त्या रात्री नाटक. त्या निमित्ताने लेकी-जावयांना, व्याह्यांना, मामा-मावश्यांना सांगावा जातो. एकेका घरी वीस-पंचवीस पाहुणे. दिवसा अंगणात पंगती, आणि पंगतीतून उपवर मुलामुलींची पाहणी. 'नाटकाला आले होते, तिथेच जमले' असे आमच्याकडच्या निम्म्या लग्नांबद्दल सांगता येईल. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. आता नाटकेही बसणार असे तेव्हा पुष्कळांना वाटले, पण पट बंद राहिला आणि नाटके चालूच राहिली. 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. नाटकांना खरा खंड पडला तो करोनाच्या साथीत. भावजय म्हणाली, "त्या वर्षी भाऊजी, घरी पाहुणाच नाही आला. दिवाळीनंतर दिवस कसे जात ते समजतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिरंजीवांना घेऊन वैनगंगा ओलांडून वडशाला गेलो. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. 1982 च्या ऑगस्टपर्यंत दोन्ही एकच होते. ह्या गावाचे सरकारी नाव देसाईगंज, पण रेल्वेच्या पाटीवर वडसा आणि लोकांच्या तोंडी वडसा. मुंबईला जसे गिरगाव होते, तसे झाडीला वडसा. नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या इथे ओळीने आहेत. एकेका खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मोठमोठी रंगीत पत्रके, आणि टेबलावर तारखांची वही. गावचे मंडळ येते, वही उघडते, तारीख ठरते, इसार दिला जातो. दिवाळी ते होळी हा मोसम. त्या चार-पाच महिन्यांत चांगल्या मंडळीला रात्र मोकळी म्हणून नसते. पावसाळ्यात ह्याच कचेरीला कुलूप असते आणि नायक, खलनायक, विनोदी नट आपापल्या बांधीत गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करीत असतात.

पूर्वी असे नव्हते. गावचीच पोरे नाटक बसवीत. शाळामास्तर दिग्दर्शक, पाटलाचा मुलगा नायक, आणि मिशी न फुटलेला एखादा गोरा पोरगा नायिका. पुढे स्त्रीभूमिकांसाठी नागपूरहून नट्या येऊ लागल्या, मग वादक बाहेरचे आले, आणि होता होता सारी मंडळीच वडशाहून येऊ लागली. ह्याच्याही मागे जायचे तर दंडार आणि खडी गंमत आहेत. अंगणात, पेटत्या टेंभ्यांच्या उजेडात ढोलकीवर चालणारा तो खेळ. झाडीच्या नाटकात आजही गाणे समोर बसलेल्या वादकांच्या साथीवर गातात, आणि मधेच विनोदी नट गोष्ट सोडून लोकांशी बोलू लागतो, ते त्या दंडारीचे रक्त. ह्या रंगभूमीवर आयुष्य काढलेले डॉ. परशुराम खुणे ह्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा माणूस. झाडीपट्टीचा दादा कोंडके म्हणून त्यांना लोक ओळखतात, आणि आठशे नाटकांचे पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर सांगतात. दिल्लीत नाव पुकारले गेले तेव्हा, भाऊ सांगत होता, आमच्या गावात फटाके वाजले. खुण्यांचा गाव आमच्यापासून नदीपलीकडे कितीतरी लांब, पण फटाके वाजवताना कोणी अंतर मोजले नाही.

माझ्या दैवताला पद्मश्री मिळालेली नाही आणि त्याचे नाव मी ह्या लेखात घालणार नाही. अजून स्टेजवर असलेल्या माणसाबद्दल घशापासून गुडघ्यांपर्यंत सगळे लिहायचे, तर निदान नाव तरी झाकावे. आपण त्यांना 'आमचे खलनायक' म्हणू.

1979 च्या थंडीत मी त्यांना प्रथम पाहिले. खरे म्हणजे आधी ऐकले. दोन अंक झाले होते, मी आजीच्या पासोडीत पेंगत होतो. स्टेज रिकामे होते, नायिका एकटी दिवा लावीत होती. आणि पडद्यामागून हसणे आले. सुरुवातीला विहिरीत खडा पडावा इतके खोल, मग पायरी पायरीने वर येणारे, आणि शेवटी तुटून एकदम थांबणारे. स्टेजवर कोणीच नाही, फक्त ते हसणे. बाया पोरांना पोटाशी धरीत. आमच्या गावात त्या वर्षी पोरांना झोपवायला बागुलबुवाची गरज उरली नाही. पुढे सतरा वर्षे, ते जिथे असतील तिथे मी गेलो. सायकलवर, बंडीत, एकदा तर वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री. (त्या परीक्षेचे पुढे काय झाले ते चिरंजीवांसमोर कधी काढत नाही.) गोष्ट कुठलीही असो, जमीनदार, सावकार, ठेकेदार, गावगुंड, त्यांचे हसणे तेच. लोकही तेवढ्यासाठीच थांबत. नाटकाचे नाव कोणी विचारीत नसे. "हासनार हाये का आज?" एवढेच विचारीत.

त्या रात्रीचे नाटक आमच्या गावापासून दोन कोसांवर होते. जुनेच, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे, लोकांनी मागून घेतलेले. त्या एका गावात त्या रात्री तीन मंडळांची तीन नाटके होती! चिरंजीवांना हे खरे वाटेना. तीन मांडव, तीन तिकीटखिडक्या, आणि तिन्हींकडे गर्दी. कापलेल्या बांधीत बल्ल्या ठोकून स्टेज उभे केलेले, चारी बाजूंना कनाती, वर उघडे आभाळ. पुढे खुर्च्या, त्यामागे गाद्या, आणि त्यामागे तणस पसरलेली जमीन. दर तीन प्रकारचे. भाऊ म्हणाला, "तिकीट कायले काढतं? खुर्ची ठेवली हाये तुह्यासाठी." गावाहून मोठा होऊन आलेला म्हणून पहिल्या रांगेचा मान. सौ. आणि मी शाली गुंडाळून तिथे बसलो. चिरंजीव दहा मिनिटांत चुलत भावंडांबरोबर मागे तणसावर गेले ते पहाटेपर्यंत आले नाहीत.

पत्रकावर वेळ दहाची होती. पडदा साडेअकराला वर गेला. मधल्या वेळात देणगीदारांची नावे वाचली गेली, सरपंचांचा सत्कार झाला, हरवलेल्या दोन मुलांचे वर्णन झाले. कनातीबाहेर आलुबोंडे तळले जात होते. वास असा की पहिल्या रांगेचा मान सोडून उठावेसे वाटे.

आता थोडे कडू लिहितो. पहिला अंक मला आवडला नाही. ध्वनिक्षेपक इतके मोठे की शब्द फाटून येत होता. शेजारच्या मांडवातली लावणी आमच्या नायिकेच्या शोकात मिसळत होती. अंक पडताच रेकॉर्डवरचा नाच आला, सिनेमातला, गोष्टीशी ज्याचा काडीचा संबंध नाही. नाचणाऱ्या मुली नागपुराकडच्या. रात्रभर नाचून दिवसा गाडीत झोप काढायची आणि संध्याकाळी नव्या गावी तोंडाला रंग लावायचा. समोरचे टवाळ शिट्ट्या मारीत तेव्हा त्या मुली नजर कनातीच्या वर, लांब कुठेतरी ठेवीत. हे पूर्वीही थोडेफार होते, पण आता मंडळे तारीख ठरवतानाच 'नाच किती?' असे विचारतात, असे वडशाच्या कचेरीत ऐकले होते. पैसा तिथून येतो आणि त्याच पैशावर बाकीचे उभे आहे, हे त्यांचे म्हणणे मी खोडू शकलो नाही. पण सौ. शेजारी गप्प बसली होती, आणि तिचे गप्प बसणे मला ऐकू येत होते. एकोणतीस वर्षे मी हिला जे सांगत आलो ते हेच का?

दुसऱ्या अंकात मात्र गाडी रुळावर आली. म्हाताऱ्या बापाचे काम करणाऱ्या नटाने ऑर्गनवर एक पद लावले, ध्वनिक्षेपक असूनही गोड लागले, आणि लोकांनी 'वन्स मोअर' दिला. डोंबिवलीत ही आरोळी ऐकून कित्येक वर्षे झाली असतील. तो नट, भावाने कानात सांगितले, दिवसा पंक्चर काढतो. विनोदी नटाने पहिल्या रांगेतल्या माझ्या शालीवरून आणि टोपीवरून दोन विनोद केले. सगळे गाव हसले. सौ. सगळ्यांपेक्षा जास्त हसली.

रात्रीचे दोन वाजून गेले असावेत. दव पडून खुर्चीचे लोखंड गार झाले होते. स्टेजवर नायिका एकटी, हातात दिवा. मी शाल खाली टाकून ताठ बसलो. माझ्याभोवती पासोड्या हलल्या, झोपलेल्या पोरांना त्यांच्या आयांनी हलवून उठवले. मांडवात एकदम शांतता पसरली. शेजारच्या मांडवातली ढोलकीसुद्धा, मला वाटते, त्या क्षणी थांबली होती. पण हे माझ्या मनाचे खेळ असतील.

हसणे आले. खालून, विहिरीतून, तसेच. एक पायरी चढले, दुसरी चढले, आणि तिसरीवर अडखळले. आवाज घसरला, फाटला, आणि पडद्यामागे खोकल्याची उबळ आली. ध्वनिक्षेपकाने ती उबळ सगळ्या बांधीभर पसरवली. नायिका दिवा घेऊन उभीच राहिली. तिला पुढचे वाक्य नव्हते. तिचे वाक्य त्या हसण्यानंतर होते. पडद्याआडून संवाद सांगणाऱ्याची कुजबुज ऐकू येत होती, पण हसण्याचे संवाद तो काय सांगणार?

मला वर पाहवेना. अडुसष्टीच्या पुढचा माणूस, उघड्यावर, फेब्रुवारीच्या दवात, रोज रात्री नवे गाव. मी त्यांना पाहायला आलो नसतो तर ते कोसळले नसते, असा काहीतरी खुळा विचार मनात आला.

आणि मागून, अगदी मागून, तणसावरून, कोणीतरी हसले. ते हसणे. खालून वर, पायरी पायरीने. पोरकट आवाज, पण चाल अचूक. त्याच्या शेजारून दुसऱ्याने उचलले. मग गाद्यांवरून, मग डाव्या कनातीकडून, मग बायांच्या बाजूने. ज्यांना ज्यांना आयुष्यात कधी ह्या हसण्याने भेवडावून झोपवले होते, ते सगळे हसू लागले. दीडदोन हजार माणसे एकाच पट्टीत हसत वर चढली आणि एकाच ठिकाणी तुटून थांबली. माझ्या शेजारी सौ. हसत होती. तिने ते हसणे कधीच ऐकले नव्हते. माझ्या तोंडून ऐकले होते, स्वयंपाकघरात, एकोणतीस वर्षे.

आमचे खलनायक आत आले. अंगात काळा कोट, पायात करकरते बूट, गळ्याला मफलर. ती नाटकातली नव्हती. नायिकेकडे त्यांनी पाहिलेच नाही. सरळ पुढे आले, कमरेवर हात ठेवून अंधारात लांबवर नजर फिरवली आणि दरडावून विचारले, "माह्यं हसू कोनं चोरलं रे?"

पुढची पाच मिनिटे नाटक बंद होते. शिट्ट्या, टाळ्या, तणसाच्या पेंढ्या हवेत. एका म्हातारीने उठून दोन्ही हातांनी त्यांच्यावरून कडाकडा बोटे मोडली. ते मात्र जागचे हलले नाहीत, चेहऱ्यावरची रेषा मोडली नाही. आवाज खाली येईपर्यंत थांबले आणि मग मान वळवून नायिकेला अशा थंडपणे पुढचे वाक्य टाकले की ती बिचारी खरोखरच दचकली. पुढचा दीड अंक त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. सगळी दुष्टाई हळू आवाजात केली. मी त्यांना सतरा वर्षे पाहिले होते, पण असे कधी पाहिले नव्हते. तो घसा शाबूत असता तर कदाचित पाहायलाही मिळाले नसते.

पहाटे पाचला खलनायक न्यायाने मारला गेला आणि लोक तणस झटकत उठले. मी स्टेजच्या मागे गेलो. 1979 पासून जे बोलायचे होते ते सगळे वाटेत जुळवून ठेवले होते. चिरंजीवही डोक्यात तणसाच्या काड्या घेऊन मागून येऊन मिळाले.

कनातीमागे एक दिवा, एक आरसा, आणि चुलीवर पाण्याचे भगुणे. आमचे खलनायक लाकडी पेटीवर बसून तोंडाला खोबरेल चोळून रंग पुसत होते. रंगाखालून एका शेतकऱ्याचा, बारीक, उन्हाने काळवंडलेला चेहरा निघत होता. हातांना रंग नव्हता. ते रोवणीचे हात होते. मी नमस्कार केला, गाव सांगितले, साल सांगितले, आणि पुढचे सगळे विसरलो. त्यांनी मान हलवली. अशी माणसे त्यांना रोज भेटत असणार. मग मफलर नीट करीत, अगदी खालच्या आवाजात, विचारले, "मांगं आयकू येत होतं का जी?"

मी काय सांगणार? मी तर पहिल्या रांगेत खुर्चीवर! माझी चुळबूळ पाहून चिरंजीव पुढे झाले.

"पहिल्यांदा नाही आलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा आलं."

मला वाटले, हा कार्टा शहाणपणा पाजळतो आहे. पण ते हसले. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. "दुसरं माह्यं नव्हतं, बाबू," म्हणाले, आणि भगुण्यातल्या गरम पाण्याने चूळ भरली.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. त्या रात्री त्यांना सिंदेवाहीच्या बाजूला प्रयोग होता. पेटी, पडदे, ऑर्गन चढले, नाचणाऱ्या मुली डोक्यावरून पदर घेऊन आधीच झोपी गेल्या होत्या, नायिकेने दिवा स्वतःच्या पिशवीत घातला. आमचे खलनायक ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी बांध्यांमधल्या वाटेने हेलकावे खात रस्त्याला लागेपर्यंत आम्ही उभे होतो.

दुपारी ब्रह्मपुरीहून नागपूरची बस धरली. नागभीडच्या पुढे ती वाघाची पाटी पुन्हा आली. सौ.ने ह्या खेपेला खिडकी उघडीच ठेवली. मी चिरंजीवांना विचारले, ते पहिले हसणे मागून कोणी उचलले? त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती खरखर आली. सौ.ने पिशवीतून खडीसाखरेचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि मला म्हणाली, "नागपूरला उतरलात की आधी मिठाचं पाणी बघा."